मीडियम फॉरमॅटसाठी लेन्स आणि डिजिटल बॅक : आधी चौकट, मग काच, शेवटी मेगापिक्सेल

मीडियम फॉरमॅटचा, म्हणजे ३५ मिमीपेक्षा मोठ्या फिल्मचा, एखादा जुना, विश्वासू कॅमेरा हाताशी असतो. फिल्मवर त्याने वर्षानुवर्षं चोख काम दिलेलं असतं, आणि कधीतरी त्याच्या पाठीला डिजिटल बॅक, म्हणजे फिल्मच्या जागी सेन्सर असलेली पाठ, लावावी असं मनात येतं. इथे जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती मेगापिक्सेलची घेऊ? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा. आधी सेन्सरची चौकट केवढी आहे ते ठरवा, कारण तुमच्या लेन्सपैकी कोणत्या खरोखर कामाच्या उरतात हे त्या चौकटीवर अवलंबून असतं. त्यानंतर लेन्स पाहा, मग बॅक आणि कॅमेरा यांचा फोकस एकमेकांशी जुळतो का ते तपासा. एवढं होईपर्यंत मेगापिक्सेलचं उत्तर बहुतेक मिळालेलं असतं.

पायरी १ : तुमच्या कॅमेऱ्याला मुळात कोणती बॅक बसते?

सगळ्या कॅमेऱ्यांना बसेल अशी बॅक नसते. फेज वन कंपनीची पी४५+ ही एकच बॅक हॅसलब्लाड व्ही, हॅसलब्लाड एच, मामिया ६४५ एएफ, काँटॅक्स ६४५ अशा वेगवेगळ्या माउंटमध्ये (कॅमेऱ्याला अडकवायच्या जोडणीत) निघाली, आणि एका माउंटची बॅक दुसऱ्या कॅमेऱ्यावर थेट चढत नाही. म्हणून जाहिरातीत मॉडेलच्या नावाआधी माउंट वाचा. पेंटॅक्स ६७, मामिया ७ किंवा दोन लेन्सचे टीएलआर यांची पाठ बदलता येण्याजोगी नसते, त्यामुळे त्यांच्यासाठी हा मार्ग बंद आहे.

हॅसलब्लाड व्ही, म्हणजे चौरस ६×६ फिल्मची जुनी मालिका, वापरणारे या बाबतीत सुखी आहेत. १९५७ सालच्या ५००सीपासून ५०३सीडब्ल्यूपर्यंत बॅक बसवण्याची मांडणी तीच राहिली. हॅसलब्लाडच्या स्वतःच्या सीएफव्ही मालिकेतल्या बॅक ५०० मालिकेच्या बॉडीवर केबलशिवाय चालतात, कारण शटर सुटल्याचा इशारा त्यांना बॉडीतल्या यांत्रिक हालचालीतूनच मिळतो. फेज वन किंवा लीफ या कंपन्यांची व्ही माउंट बॅक घेतली, तर लेन्सच्या सिंक सॉकेटपासून (फ्लॅशला इशारा देणाऱ्या छिद्रापासून) बॅकपर्यंत एक छोटी केबल लावावी लागते. ती केबल सैल असली की चौकट काळी येते. अशी केबल नेहमी दोन नग ठेवा. लेन्स जुन्या 'सी' प्रकारची असेल तर सिंकचा खटका 'एक्स'वर आहे ना हेही बघा. तो चुकून 'एम'वर सरकला असेल तर पाती पुरती उघडण्याआधीच इशारा जातो.

एच मालिकेत एक मेख आहे. २००६च्या एच३डीपासून हॅसलब्लाडने ती बाहेरच्या बॅकना बंद केली. एच१ आणि एच२ खुल्या होत्या, नंतरची एच४एक्सही खुली होती. म्हणजे 'एच माउंट' एवढं वाचून व्यवहार करायचा नाही, नेमकी बॉडी कोणती ते विचारायचं. मामिया आरझेड६७ला बॅक लावायला मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट लागते. त्या प्लेटचाही फोकसवर परिणाम होतो, त्याबद्दल पुढे येईलच.

पायरी २ : सेन्सरची चौकट

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. 'मीडियम फॉरमॅट' हे नाव एकच असलं तरी त्याखाली बरेच वेगळे आकार येतात (आयक्यू आणि पी या फेज वनच्या बॅक, सीएफव्ही हॅसलब्लाडच्या) :

६×६ फिल्म : ५६×५६ मिमी, कर्ण सुमारे ७९ मिमी
६४५ फिल्म : ५६×४१.५ मिमी, कर्ण ७० मिमी
आयक्यू१८० किंवा आयक्यू४ १५०सारख्या मोठ्या बॅक : सुमारे ५४×४० मिमी, कर्ण ६७ मिमी
पी२५, पी४५+ : ४९×३७ मिमी, कर्ण ६१ मिमी
आयक्यू२५०, सीएफव्ही-५०सी, सीएफव्ही १००सी : ४४×३३ मिमी, कर्ण ५५ मिमी
१६ मेगापिक्सेलची पहिली सीएफव्ही : ३७×३७ मिमी, कर्ण ५२ मिमी

३५ मिमी फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिमी असतो. म्हणजे ४४×३३चा सेन्सर ६×६ फिल्मपेक्षा फुल फ्रेमच्या जास्त जवळचा आहे. आता ७९ला ५५ने भागा, सुमारे १.४४ येतात. ६×६वर ८० मिमीची प्लॅनार ही 'नॉर्मल' लेन्स. ४४×३३च्या बॅकवर तीच तुम्हाला ६×६वरच्या ११५ मिमीसारखी वाटेल. ५० मिमीची डिस्टागॉन ७२ मिमीसारखी होईल, म्हणजे वाइड उरणारच नाही. ४० मिमी ही व्ही मालिकेच्या नेहमीच्या लेन्समधली सर्वांत वाइड, पण या बॅकवर ती ३५ मिमी कॅमेऱ्यावरच्या साधारण ३२ मिमीएवढाच दृश्यकोन देते. इमारतींची अंतर्दृश्यं हेच तुमचं काम असेल तर इथेच थांबून विचार करा.

तुम्ही ६×६ वापरत असलात तरी छापताना नेहमी आयताकृती काप घेत असाल, तर हिशेब इतका कडक नाही. तेव्हा तुलना ६४५च्या ७० मिमी कर्णाशी करायची आणि गुणक १.२७ धरायचा. पण चौरस चौकटीतच विचार करणाऱ्याला ४४×३३मधून मिळतो तो फक्त ३३×३३ मिमीचा तुकडा. अशा माणसाला मी जुन्या ३७×३७च्या बॅकबद्दल गंभीरपणे विचार करायला सांगेन, मेगापिक्सेल १६ असले तरी. कॅमेरा आडवा करावा लागत नाही आणि कमरेपाशी धरून वरून बघायची सवय तशीच राहते.

ही सवय किरकोळ समजू नका. चौरस कॅमेऱ्याला आयताकृती बॅक लावली की उभी चौकट घ्यायला बहुतेक वेळा कॅमेरा कुशीवर वळवावा लागतो, आणि वेस्ट लेव्हल फाइंडरमधून तसं बघणं भलतंच अवघड होतं. प्रिझम फाइंडर घ्यावाच लागतो. आरझेड६७ची पाठ मुळातच फिरते, त्यामुळे तिथे हा त्रास नाही.

बॅक घेण्याआधी एक प्रयोग करा, त्याला खर्च नाही. काळ्या कार्डाला ४४×३३ मिमीची खिडकी कापा आणि ते कार्ड फोकसिंग स्क्रीनवर मधोमध ठेवा. महिनाभर फिल्मवर काम करताना फक्त त्या खिडकीतून चौकट बांधा. ज्या लेन्सकडे हात वारंवार जातो ती कोणती, आणि कुठे मागे सरकायला जागाच उरत नाही, हे वहीत टिपत जा. कोणत्याही तक्त्यापेक्षा हा महिना जास्त शिकवतो.

एक पळवाट आहे ती सांगतो. सीएफव्ही २ ५०सी आणि सीएफव्ही १००सी या बॅक ९०७एक्स या पातळ बॉडीबरोबर चालतात आणि त्या बॉडीला हॅसलब्लाडच्या एक्ससीडी लेन्स लागतात. त्यात २० मिमीपर्यंत वाइड आहे. जुन्या कॅमेऱ्यावर लांब लेन्स आणि ९०७एक्सवर वाइड, अशी वाटणी अनेकांना जमून जाते.

पायरी ३ : सीसीडी की सीमॉस

हे सेन्सरचे दोन प्रकार. ही पायरी लवकर उरकते. साधारण २०१४पर्यंतच्या बॅक सीसीडीच्या होत्या. आयएसओ ५० ते २००मध्ये, स्टुडिओच्या फ्लॅशवर, त्यांचं चित्र आजही देखणं येतं. आयएसओ चढवला की मात्र त्या पटकन दम टाकतात, आणि लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर थेट दृश्य) एकतर नसतो नाहीतर नावापुरता असतो. २०१४ साली ५० मेगापिक्सेलच्या सीमॉस बॅक आल्या आणि लाइव्ह व्ह्यू खऱ्या अर्थाने वापरता येऊ लागला. कॅमेरा घेऊन बाहेर फिरणार असाल, संध्याकाळच्या उजेडात काम असेल किंवा डोळे पूर्वीइतके साथ देत नसतील, तर सीमॉस घ्या. फक्त स्टुडिओ असेल तर सीसीडीवर समाधानाने काम करता येतं.

लांब एक्स्पोजरबद्दल एक इशारा. बऱ्याच बॅक प्रत्येक लांब एक्स्पोजरनंतर तेवढ्याच वेळाची 'डार्क फ्रेम', म्हणजे प्रकाश न पडू देता घेतलेली चौकट, घेतात. पी४५+ एक तासापर्यंतचं एक्स्पोजर देते आणि सीसीडीत ती यासाठीच नावाजली गेली, पण तासाभराच्या चित्रानंतर पुढचा तासभर ती अडकलेली असते, हे धरूनच रात्रीचं नियोजन करा.

पायरी ४ : लेन्स

मीडियम फॉरमॅटच्या बऱ्याच चांगल्या लेन्समध्ये स्वतःचं लीफ शटर (लेन्सच्या आतच उघडमीट करणाऱ्या पात्यांचं) असतं, आणि माझ्यासारखे लोक या प्रपंचात टिकून राहिले त्याचं ते एक मोठं कारण आहे. लीफ शटरला फ्लॅश प्रत्येक वेगावर जुळतो : व्ही लेन्सवर १/५००पर्यंत, आरझेडवर १/४००पर्यंत, जुन्या एच लेन्सवर १/८००पर्यंत. भर उन्हात चेहऱ्यावर फ्लॅश टाकून मागचं आकाश गडद करायचं असेल तर हा वेग सोन्यासारखा आहे. हॅसलब्लाडच्या 'एफ' आणि 'एफई' लेन्समध्ये शटर नसतं. त्या २००० आणि २०० मालिकेच्या बॉडीसाठी बनल्या. ५००सी/एमच्या मालकाने त्या एफ/२ किंवा एफ/२.८च्या मोहाने घेऊ नयेत.

व्ही मालिकेत डिजिटलसाठी मी ज्या लेन्सवर पहिला हात ठेवेन ती १०० मिमी एफ/३.५ प्लॅनार. ८० मिमीपेक्षा तिचं विकृतीवरचं नियंत्रण काटेकोर आहे, आणि ४४×३३वर ती पोर्ट्रेटसाठी नेमक्या अंतराची होते. दुसरी १२० मिमी मॅक्रो-प्लॅनार, जवळच्या वस्तूंसाठी. ८० मिमी बहुधा कॅमेऱ्याबरोबर आलेलीच असते; ती एफ/५.६ ते एफ/८वर भरवशाची आहे, मुद्दाम बदलायची गरज नाही. ४० आणि ५० मिमी घेताना 'एफएलई' असलेली आवृत्ती बघा. तिच्यात अंतरानुसार आतली भिंगं सरकवणारी वेगळी रिंग असते. ती रिंग चुकीच्या अंतरावर राहिली की कोपरे पसरट येतात आणि माणूस उगाच लेन्सला दोष देतो.

जुन्या 'सी' लेन्स काचेच्या दृष्टीने उत्तम असल्या तरी त्यांच्या काँपूर शटरचे सुटे भाग मिळणं कठीण झालंय. रोजच्या व्यवसायासाठी 'सीएफ' किंवा त्यानंतरच्या घ्या. एच मालिकेत 'एचसीडी' अक्षरं असलेल्या लेन्स ३६×४८ मिमीच्या सेन्सरसाठी आखलेल्या आहेत. त्याहून मोठी बॅक किंवा फिल्म वापरणार असाल तर साध्या 'एचसी' लेन्सकडे वळा.

व्ही कॅमेऱ्याला लेन्स लावण्याआधी बॉडी आणि लेन्स दोन्ही चावी दिलेल्या स्थितीत हव्यात, नाहीतर दोन्ही एकमेकांत अडकतात. आणि १/८ किंवा त्याहून संथ वेग असेल तर एक्स्पोजर संपेपर्यंत बटण दाबूनच ठेवा. बोट उचललं की बॉडीतली मागची झडप मिटते आणि चित्र अर्धवट राहतं.

पायरी ५ : पिक्सेल आणि काच यांचा मेळ

आता मेगापिक्सेल. इथे पाहायचा आकडा पिक्सेलच्या रुंदीचा असतो. पी२५चा पिक्सेल ९ मायक्रॉनचा, पी४५+चा ६.८, ४४×३३च्या ५० मेगापिक्सेलचा ५.३, आणि १०० मेगापिक्सेलच्या सीएफव्ही १००सीचा तसाच १५० मेगापिक्सेलच्या आयक्यू४चा ३.७६ मायक्रॉनचा. दर मिलिमीटरला सेन्सर किती रेषाजोड्या वेगळ्या दाखवू शकतो हे काढायचं तर १००० भागिले पिक्सेलच्या रुंदीची दुप्पट. उत्तरं येतात अनुक्रमे सुमारे ५६, ७४, ९४ आणि १३३.

फिल्मच्या काळातली चांगली लेन्स पहिले दोन आकडे सहज पेलते, तिसरा मधल्या भागात पेलते, आणि चौथ्यावर तिच्या कोपऱ्यांचा कस लागतो. म्हणून ३.७६ मायक्रॉनची बॅक घेऊन तिच्यापुढे चाळीस वर्षांची वाइड लेन्स लावणं मला पटत नाही. तेवढी बॅक घ्यायची तर लेन्सही त्या तोडीची हवी.

अ‍ॅपर्चरचंही तसंच. हिरव्या प्रकाशात एफ/८वर विवर्तनाची (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याची) चकती सुमारे ११ मायक्रॉनची होते, एफ/११वर १५ची, एफ/१६वर २१ची. ९ मायक्रॉनच्या बॅकला एफ/१६ फारसं जाणवत नाही. ३.७६ मायक्रॉनवर एफ/११नंतर बारकावे मऊ पडू लागतात. फिल्मवर एफ/२२ लावून निर्धास्त राहायची सवय असेल तर ती सोडावी लागेल. खोली हवी असेल तर वेगवेगळ्या फोकसवर चित्रं घेऊन ती जोडणं जास्त बरं.

छपाईचा हिशेब सोपा आहे. ३०० डीपीआयने ५० मेगापिक्सेलची ८२७२×६२०० पिक्सेलची फाइल सुमारे २७×२० इंच छापता येते, १०० मेगापिक्सेलची सुमारे ३८×२९ इंच. तुमचं सर्वांत मोठं प्रिंट २० इंचांच्या आत असेल तर पी२५सारख्या २२ मेगापिक्सेलच्या बॅकचं १८×१३ इंचही पुरेसं ठरू शकतं.

पायरी ६ : फोकस जुळतो का?

या विषयावर लिहिताना जे सहसा कमी लिहिलं जातं आणि प्रत्यक्षात सगळ्यात जास्त रडवतं, ते हे.

फिल्म थोडी वाकते, थोडी फुगते, आणि तिच्या थराला जाडीही असते. त्यामुळे आरसा, स्क्रीन आणि फिल्मची जागा यांत थोडीफार तफावत असली तरी ती झाकली जायची. सेन्सर काचेसारखा सपाट असतो, तो काहीच झाकत नाही. हिशेब करून बघा : एफ/२.८ला ३.७६ मायक्रॉनने गुणलं की सुमारे १०.५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. उघड्या अ‍ॅपर्चरवर पिक्सेलच्या पातळीवर धार हवी असेल तर बॅकची जागा इकडे किंवा तिकडे एवढीच चुकलेली चालते. एफ/८वर हीच सूट ३० मायक्रॉनपर्यंत वाढते. विक्रेत्याने दाखवलेली एफ/११ची नमुना चित्रं म्हणूनच नेहमी धारदार असतात.

माझ्या पहिल्या बॅकवर डोळ्यावर केलेला फोकस कानावर पडायचा. मी लेन्सवर संशय घेतला, दोन लेन्स बदलल्या, एक तर विकूनही टाकली. दोष होता कॅमेऱ्यातल्या आरशाखालच्या फोमच्या तुकड्यांत. ते वयाने चुरून गेले होते, त्यामुळे आरसा किंचित खाली बसत होता. ती लेन्स गेल्याची हळहळ मला अजून आहे, म्हणून ही तपासणी नीट लिहितोय.

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. साधारण दोन मीटरवर एक मोजपट्टी ४५ अंशांत तिरकी उभी करा. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. भिंग लावून एका ठरावीक आकड्यावर फोकस करा, मग आरसा आधी वर उचलून चित्र घ्या. मग फोकस पूर्ण बिघडवून पुन्हा करा : तीनदा जवळच्या बाजूने येत, तीनदा लांबच्या बाजूने. चुका दोन्ही बाजूंना विखुरलेल्या आल्या तर प्रश्न तुमच्या नजरेचा किंवा अंधुक स्क्रीनचा आहे. सगळ्या एकाच बाजूला तेवढ्याच आल्या तर प्रश्न यंत्राचा आहे.

यंत्रात नेमका कुठे, हे शोधायला लेन्स अनंतावर टेकवा आणि एक-दोन किलोमीटरवरच्या मनोऱ्याचं वगैरे चित्र घ्या. चित्र धारदार, पण स्क्रीनवर मनोरा अंधुक दिसतो? दोष आरशात किंवा स्क्रीनमध्ये. स्क्रीनवर स्पष्ट, पण चित्र अंधुक? सेन्सर आपल्या जागेवर नाही, किंवा मधली अ‍ॅडॉप्टर प्लेट चुकीच्या जाडीची आहे. दोन वेगवेगळ्या लेन्सनी करून बघा, म्हणजे एखाद्या लेन्सचा अनंताचा थांबा हललेला असेल तर तोही कळेल. आरसा आणि स्क्रीन यांचं काम कॅमेरा दुरुस्त करणारा जाणकार करतो. सेन्सरची खोली पातळ पट्ट्या घालून जुळवली जाते. ते काम घरी करू नका.

पायरी ७ : टेक्निकल कॅमेऱ्याची वाट

टेक्निकल कॅमेऱ्यात शिफ्ट करता येतं, म्हणजे लेन्स किंवा बॅक बाजूला सरकवता येते. त्याची गरज असलेल्यांनी एवढं लक्षात घ्यावं. रोडेनस्टॉकच्या एचआर डिगारॉन-डब्ल्यू लेन्सचं प्रतिमावर्तुळ (लेन्स जेवढ्या गोलात चित्र पाडते तो गोल) ९० मिमीचं, डिगारॉन-एसचं ७० मिमीचं. ५४×४०च्या सेन्सरवर ९० मिमीच्या वर्तुळात लांब बाजूने सुमारे १३ मिमी सरकता येतं, ४४×३३वर सुमारे २० मिमी. छोट्या सेन्सरचा फायदा इथे उलटून येतो.

सममित रचनेच्या वाइड लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ येतं आणि कडेला प्रकाश फार तिरका पडतो. त्यामुळे एका कडेला हिरवी, दुसऱ्या कडेला जांभळट झाक दिसते. हॅसलब्लाड एसडब्ल्यूसी या वाइड कॅमेऱ्याच्या ३८ मिमी बायोगॉनवरही काही बॅकवर हे होतं. उपाय म्हणजे प्रत्येक शिफ्टनंतर लेन्सपुढे दुधी पट्टी धरून एक चित्र घेणं आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याने झाक काढणं. पी३०+सारख्या सूक्ष्मभिंगं असलेल्या सेन्सरच्या बॅक शिफ्टसाठी टाळा.

पायरी ८ : वापरलेली बॅक ताब्यात घेताना

लॅपटॉप बरोबर न्या. लेन्सवर झाकण ठेवून एक लांब एक्स्पोजर घ्या आणि रेघा किंवा ठिपके शोधा. एकसारख्या पांढऱ्या भिंतीचं, फोकसबाहेरचं चित्र घ्या; मधोमध उभी सीमा दिसली आणि दोन अर्ध्यांचा रंग वेगळा आला तर ती बॅक परत द्या. कापडाच्या बारीक विणीचंही एक चित्र घ्या, म्हणजे या बॅकवर मॉयरे (बारीक विणीवर उमटणारे खोटे रंगीत पट्टे) कितपत येतो ते कळेल, कारण या सेन्सरपुढे तो दाबणारा फिल्टर नसतो. बॅटऱ्या फुगलेल्या नाहीत ना, आणि जुनी बॅक फायरवायरने जोडायची असेल तर तुमच्या संगणकाला ते सॉकेट आहे का, हे विचारून घ्या. हॅसलब्लाडसाठी 'फोकस' (Phocus) नावाचं सॉफ्टवेअर, फेज वन आणि लीफसाठी कॅप्चर वन. ते तुमच्या संगणकावर ती बॅक उघडतंय का ते तिथेच बघा.

लेन्समधून टॉर्चचा उजेड तिरका टाकून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, ती लेन्स सोडा. कडेला बारीक पांढरे ठिपके भिंगाच्या कडेचा काळा रंग सुटल्याचे असतात, चित्रावर त्यांचा परिणाम होत नाही. १ सेकंद आणि १/२ सेकंद लावून शटरचा आवाज ऐका. तो रेंगाळत असेल तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

मग ट्रायपॉड लावा आणि सहाव्या पायरीतली तिरकी मोजपट्टी तिथेच, विक्रेत्यासमोर, तुमच्या बॉडीवर करून बघा. ज्या बॉडीवर ती तपासली तिचा आणि बॅकचा सिरियल नंबर, लेन्सचं नाव आणि फोकस किती मिलिमीटर कुठल्या बाजूला पडला, हे वहीत लिहून ठेवा. सहा महिन्यांनी एखादं चित्र मऊ आलं की हेच पान उघडायचं असतं.